अॅवलॉनचा पत्ता

फेब्रुवारी १९२८. तुम्ही मेम्फिसमधल्या एका भल्यामोठ्या, रिकाम्या दालनात उभे आहात. ओके रेकॉर्ड कंपनीचा माणूस आहे, यंत्र सांभाळणारा आहे आणि खुर्चीत गिटार घेऊन बसलाय पस्तिशीतला, मिसिसिपीत बटईनं शेती करणारा जॉन हर्ट. त्याचं नाव कंपनीला सुचवलं ते विली नारमर या गोऱ्या फिडलवादकानं. रंगभेदाच्या मिसिसिपीत ही गोष्ट लहान नाही. मायक्रोफोन थेट हर्टच्या तोंडाशी आणलाय. डोकं जराही हलवायचं नाही अशी ताकीद आहे. त्याची मान पुढे कित्येक दिवस दुखणार आहे.

आता डोळे मिटा. दोन गिटारी वाजताहेत असं वाटतं, पण वाजतेय ती एकच. अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून ठेका धरतोय आणि बाकीची बोटं वरच्या तारांवर चाल खेळवताहेत. ब्लूज म्हटलं की आर्त, घोगरी हाक आठवते. हर्टचा आवाज मात्र शेजारच्या माणसाशी बोलावं तितकाच. माझ्या मते त्याची थोरवी इथेच आहे. ‘लुई कॉलिन्स’ हे गाणं खुनाचं, पण तो ते इतक्या मायेनं गातो की मेलेल्याची आई आपल्याला दिसू लागते.

डिसेंबरात न्यूयॉर्कला चला. तिथे घराच्या ओढीनं रचलेलं ‘अॅवलॉन ब्लूज’ तो रेकॉर्ड करतो. त्यात स्वतःच्या गावाचं नाव घेतो.

मग मंदी येते आणि बोलावणं थांबतं. पस्तीस वर्षं शेत आणि मजुरी.

१९६३. टॉम हॉस्किन्स हा ब्लूजवेडा तरुण त्या गाण्यातल्या नावावरून अॅवलॉन गाठतो. हर्टला वाटतं, एफबीआयचा माणूस आलाय! हर्टजवळ गिटारही नाही. हॉस्किन्स आपली पुढे करतो. त्याच उन्हाळ्यात तुम्ही न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात, गर्दीत बसलेले आहात. सत्तरीतला हर्ट मंचावर येतो आणि आवाज मुळीच न चढवता सगळ्यांना आपलंसं करतो.

नोव्हेंबर १९६६मध्ये तो गेला. दुसऱ्यांदा मिळालेली वर्षं जेमतेम तीन.

१९२८च्या रेकॉर्डिंगमधली तेरा गाणी आज ऐकायला मिळतात. ती ऐका आणि लगेच ‘टुडे!’ हा १९६६चा अल्बम लावा. दोन्हींत त्या अंगठ्याकडे लक्ष ठेवा.