डिजिटल अरेस्ट

डिजिटल अरेस्ट : पोलीस, सीबीआय, अंमलबजावणी संचालनालय (ईडी), सीमाशुल्क विभाग किंवा न्यायालय यांच्या नावाने फोन करून केली जाणारी फसवणूक. समोरची व्यक्ती गंभीर गुन्ह्यात अडकली आहे असे तिला भासवले जाते, व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस खिळवून ठेवले जाते आणि तिच्याच हातांनी तिची बचत अनोळखी खात्यांत भरून घेतली जाते. भारतीय कायद्यात अशा नावाची किंवा अशा स्वरूपाची कोणतीही कारवाई नाही. फसवणूक कोणत्याही वयाच्या माणसाची होऊ शकते. मात्र सर्वांत मोठ्या रकमा गेल्या त्या बहुतांशी निवृत्त आणि वयोवृद्ध लोकांच्या.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार डिजिटल अरेस्ट आणि तत्सम गुन्ह्यांच्या तक्रारी २०२२ मध्ये ३९,९२५ होत्या आणि त्यांत ९१ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि गेलेली रक्कम १,९३५ कोटींवर पोचली. तक्रारी तिपटीने वाढल्या, रक्कम मात्र एकवीस पटीने. दर तक्रारीमागची सरासरी सुमारे तेवीस हजारांवरून दीड लाखापुढे गेली. किरकोळ रकमांवर समाधान न मानता आयुष्यभराच्या पुंजीवर हात टाकण्याकडे या टोळ्या वळल्या, हे या आकड्यांतून दिसते. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या प्रकाराचा उल्लेख करून थांबा, विचार करा, मग कृती करा, असे आवाहन केले.

पद्धत : सुरुवात बहुधा ध्वनिमुद्रित संदेशाने होते. आपला मोबाईल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा, असे ऐकू येते. किंवा कुरिअर कंपनीचा म्हणवणारा माणूस सांगतो, की तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ आणि बनावट पासपोर्ट सापडले आहेत. हा पहिला माणूस सौम्य बोलतो. ‘तुमच्या आधारचा कोणीतरी गैरवापर केलेला दिसतो, तुम्ही लगेच तक्रार नोंदवा’ असे सांगून तो मदतीच्या आविर्भावात कॉल ‘पोलिसांकडे’ जोडून देतो. येथून बोलणे व्हिडिओ कॉलवर जाते. पडद्यावर गणवेशातला माणूस दिसतो. मागे पोलीस ठाण्यासारखी सजवलेली खोली, भिंतीवर बोधचिन्ह, अधूनमधून वायरलेसची खरखर. आधार क्रमांक, जुना पत्ता, घरच्यांची नावे तो स्वतःच वाचून दाखवतो. अशी माहिती चोरीच्या याद्यांमधून विकत मिळते, पण ऐकणाऱ्याला ती सरकारी दप्तरातली वाटते.

त्यानंतर धमकी आणि दिलासा आळीपाळीने येतात. एक ‘अधिकारी’ दरडावतो, दुसरा ‘तुमचे वय पाहून मी वरिष्ठांशी बोलतो’ म्हणतो. वर्तमानपत्रांत गाजलेल्या एखाद्या मनी लाँडरिंग प्रकरणाचे नाव घेतले जाते आणि त्यातला पैसा तुमच्या खात्यातून फिरल्याचे सांगितले जाते. खोटे अटक वॉरंट, मालमत्ता गोठवण्याचा आदेश, रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचे पत्र व्हॉट्सॲपवर येते. प्रकरण राष्ट्रीय सुरक्षेचे आहे, कोणाला सांगितल्यास मुलांनाही अटक होईल, अशी भीती घालून गुप्ततेची लेखी हमी घेतली जाते. कॅमेरा बंद करायचा नाही, दुसरा फोन घ्यायचा नाही, ठरावीक वेळाने हजेरीचा संदेश पाठवायचा, झोपतानाही कॉल चालू ठेवायचा, असे नियम लावले जातात. शेवटी ‘पडताळणीसाठी’ सगळे पैसे सरकारी देखरेखीखालच्या खात्यात भरायला सांगतात. निर्दोष ठरल्यावर ते परत मिळतील, असे आश्वासन असते आणि प्रत्येक भरण्याची बनावट पावतीही मिळते.

या नाटकाला खोट्या न्यायालयाचीही जोड मिळाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे ब्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची लटकी सुनावणी उभी केली गेली. तिच्यात सरन्यायाधीशांचा तोतयाही होता. ओसवाल यांचे सात कोटी रुपये गेले, पुढे त्यांतले सुमारे सव्वापाच कोटी परत मिळाले. करोनाकाळापासून खऱ्या न्यायालयांची कामेही व्हिडिओद्वारे चालू लागली आहेत, त्यामुळे पडद्यावरचे न्यायालय लोकांना अशक्य वाटत नाही. कोट्यवधींचा व्यवसाय सांभाळणारा, बँका आणि वकिलांशी रोजचा संबंध असलेला माणूसही या सापळ्यात अडकतो. फसलेल्या व्यक्तीला अडाणी किंवा हावरट म्हणून मोडीत काढणे म्हणूनच चुकीचे आणि अन्यायाचे आहे. लॉटरीच्या फसवणुकीत लोभ जागवला जातो. येथे हत्यार आहे ते कायद्याबद्दलचा आदर.

महाराष्ट्राचा या प्रकाराशी दुहेरी संबंध आहे. देशभरात केल्या जाणाऱ्या या फोनवर तोतया अनेकदा स्वतःला मुंबई पोलिसांचा अधिकारी म्हणवतो; अंधेरी, कुलाबा ही ठाण्यांची नावे वारंवार येतात. दुसरीकडे सर्वांत मोठ्या रकमांचे काही गुन्हे मुंबईतच नोंदले गेले. मार्च २०२५ मध्ये दक्षिण मुंबईतील एका वृद्धेचे सुमारे वीस कोटी रुपये गेल्याचे उघड झाले, तर त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान शहरातील एका ज्येष्ठ व्यावसायिकाला सुमारे ५८ कोटींना गंडा घालण्यात आला.

ज्येष्ठच का : पहिले कारण सरळ आहे. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, घरविक्रीचे पैसे या वयात मुदतठेवींत एकत्र साठलेले असतात आणि एका सहीने किंवा एका आरटीजीएसने मोकळे होतात. दुसरे कारण एकटेपणाचे. मुले पुण्या-बंगळुरूत किंवा परदेशात, जोडीदार आजारी किंवा हयात नाही, अशा घरात दोन दिवस फोन उचलला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. तिसरे कारण अधिक खोलवर रुजलेले आहे. सरकारी पत्राला उत्तर द्यायचे, साहेबांशी आदबीने बोलायचे, कोर्टकचेरीचा डाग घराण्याला लागू द्यायचा नाही, या संस्कारात ही पिढी वाढली. चोराला फोनवर उलट बोलणे तिला जमत नाही. फोन मध्येच ठेवून देणेही उद्धटपणाचे वाटते. भामटे नेमके याच सभ्यतेवर जगतात. सततच्या जागरणाने आणि भीतीने विचारशक्ती थकते, औषधाच्या वेळा चुकतात. अशा छळानंतर हृदयविकाराने मृत्यू आल्याच्या घटनाही घडल्या आहेत.

पैशाची वाट : पैसे जातात ती खाती भामट्यांची नसतात. मजूर, विद्यार्थी, लहान दुकानदार यांना थोडे पैसे देऊन त्यांच्या नावाची खाती वापरली जातात; तपासयंत्रणा त्यांना ‘म्यूल खाती’ म्हणतात. मोठी रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांत तुकड्या-तुकड्यांनी फिरते, मग रोख काढली जाते किंवा क्रिप्टो चलनात बदलून देशाबाहेर जाते. केंद्रीय गृहखात्याच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांच्या तक्रारींचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ४६ टक्के आर्थिक फसवणुकींचा उगम म्यानमार, लाओस आणि कंबोडियात आढळला. तेथील कुंपणबंद वसाहतींत हे काम करणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेले असतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरच्या अशा केंद्रांतून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले.

इतर प्रकार : ज्येष्ठांना लक्ष्य करणारे आणखीही फोन येतात; त्यांतले काही ठरावीक हंगामात. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या सुमारास ‘दाखला फोनवरच अद्ययावत करून देतो’ म्हणून ओटीपी मागितला जातो. निवृत्तिवेतन कार्यालय किंवा बँक असा फोन करत नाही. हा दाखला बँकेत, ‘जीवन प्रमाण’ ॲपवर चेहरा दाखवून किंवा पोस्टमनला घरी बोलावून देता येतो. ‘मागील बिल न भरल्याने आज रात्री वीज तोडली जाईल’ हा संदेश आणि त्याखालचा खासगी मोबाईल क्रमांक याविषयी महावितरणने अनेकदा सावध केले आहे. ‘तुमचा मुलगा अपघातात किंवा पोलिसांच्या ताब्यात आहे’ असे सांगून पैसे उकळण्याचा प्रकार जपानमध्ये २००० नंतरच्या दशकात मोठ्या प्रमाणावर फोफावला होता. आता आवाजाची नक्कल करणाऱ्या तंत्रज्ञानामुळे तो अधिक घातक झाला आहे. बंद पडलेल्या विमा पॉलिसीचा बोनस, केवायसी, स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवून घेणे हे सर्व याच घरातले.

कायदा काय सांगतो : अटक ही प्रत्यक्ष करायची कृती आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ नुसार अटक करताना पोलिसाने त्या व्यक्तीला प्रत्यक्ष ताब्यात घ्यावे लागते. स्त्रीला अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करायची, तर उपअधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते, असे कलम ३५(७) सांगते. साक्षीसाठीही साठीवरील पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावण्याची सक्ती कलम १७९ प्रमाणे करता येत नाही. हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. ज्या वयाला कायद्याने सर्वाधिक सवलत दिली आहे, त्याच वयाच्या लोकांना कायद्याच्या नावाने सर्वाधिक छळले जाते, ही यातली सर्वांत संतापजनक बाब आहे. तोतयांवर भारतीय न्याय संहितेतील फसवणूक, तोतयेगिरी, खंडणी आणि बनावट दस्तऐवजाची कलमे, तसेच माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ६६सी आणि ६६डी लागू होतात.

प्रतिबंध : या फसवणुकीचा सगळा डोलारा माणूस एकटा असण्यावर उभा आहे, म्हणून पहिला उपाय एकटेपण मोडण्याचा. फोन बंद करून शेजारी, नातलग, सोसायटीचा सचिव यांपैकी कोणालाही मोठ्याने घडले ते सांगितले, की बहुधा भ्रम तेथेच फिटतो. खात्री करायची असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जावे किंवा ११२ ला फोन करावा. भामट्याने दिलेल्या क्रमांकावर नाही. कुटुंबात एक खुणेचा शब्द ठरवणे, ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी ठेवणे, मोठी ठेव मोडण्यापूर्वी घरातल्या एकाशी बोलण्याचा रिवाज पाडणे उपयोगी पडते. मुलांनी आईवडिलांना ‘तुम्हाला मोबाईलमधले काही कळत नाही’ असे हिणवणे मात्र नेमके उलट काम करते. रागावतील म्हणून मग घरी सांगितलेच जात नाही.

बँकेचा काउंटर ही शेवटची चौकी असते. घाबरलेली वृद्ध व्यक्ती कानाला फोन लावून सगळ्या ठेवी मोडायला येते, तेव्हा शांतपणे दोन प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्याने पैसे वाचवल्याच्या घटना अनेक शहरांत नोंदल्या गेल्या आहेत. भामटे याची तयारी आधीच करून घेतात : ‘बँकेत विचारले तर घर घ्यायचे आहे म्हणून सांगा.’ त्यामुळे एका उत्तरावर न थांबता ग्राहकाला बाजूला बसवून, फोन ठेवायला लावून बोलणे आवश्यक ठरते. संशयास्पद कॉल आणि संदेश दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरील ‘चक्षू’ सुविधेत कळवता येतात.

तक्रार आणि भरपाई : पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आपल्या बँकेलाही त्याच क्षणी कळवावे. या यंत्रणेतून संबंधित बँकांना सूचना जाते आणि रक्कम ज्या खात्यात उरली असेल तेथे ती रोखली जाते. पहिले काही तास निर्णायक असतात. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, खाते क्रमांक, कॉलची वेळ आणि संदेशांची छायाचित्रे जपून ठेवावी. लाजेने चॅट पुसून टाकू नये. अनधिकृत व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला संरक्षण देणारी, रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातून आलेली तरतूद येथे फारशी कामी येत नाही, कारण पैसे ग्राहकाने स्वतः पाठवलेले असतात. भीती घालून घेतलेली संमती ही संमती मानायची का, या प्रश्नावर बँकिंग नियम अजून तोकडे आहेत.

जुलै २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील कल्याणी न्यायालयाने एका निवृत्त शास्त्रज्ञाच्या फसवणुकीच्या प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांत महाराष्ट्रातले आरोपीही होते. डिजिटल अरेस्टमधील देशातल्या पहिल्या दोषसिद्धींपैकी ही एक मानली जाते. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून सुनावणी सुरू केली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी या गुन्ह्यांचा देशभरातील तपास सीबीआयकडे सोपवला.

एकदा फसलेल्यांची नावे टोळ्यांच्या याद्यांत राहतात आणि काही आठवड्यांनी ‘तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवण्यासाठी शुल्क भरा’ असा दुसरा फोन येतो. खऱ्या तक्रारीचा पाठपुरावा १९३० कडून मिळालेल्या नोंदणी क्रमांकावर आणि स्थानिक सायबर पोलीस ठाण्यात होतो. रोखलेली मोठी रक्कम सहसा न्यायालयाच्या आदेशाने तक्रारदाराच्या खात्यात परत येते आणि त्यासाठी पोलीस किंवा बँक फोनवरून कोणतेही शुल्क मागत नाहीत. घटनेनंतर मनाने खचलेल्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’ उपलब्ध आहे.