उतरायचं कुठं?

माझ्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा हमखास हसतो. "म्हणजे वेड घेऊन पेडगावला?" कंपनीत नवीन कुणी मराठी पोरगं जॉईन झालं की पहिल्या चहाला हा जोक होतोच. तर एकदाच सांगून टाकतो, ते पेडगाव वेगळं. ते श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, बहादूरगडवालं. आमचं पेडगाव परभणी जिल्ह्यातलं. परभणी आणि मानवत रोडच्या मधलं रेल्वे स्टेशन. म्हणीत नाही, पण टाइमटेबलात आहे :)

विषय सुचला तो चुलतभावाच्या फोनमुळं. शनिवारी सकाळी, मी अजून पांघरुणात. "दादा, सोमवारी मंत्रालयात काम आहे. मुंबईत उतरायचं कुठं?"

मी नोकरीला हैदराबादला. मुंबई मला दोन इंटरव्ह्यू आणि एका लग्नापुरती माहीत. म्हटलं, अॅपवर बघ ना, ढीगभर हॉटेलं आहेत. तो म्हणाला, "बघितलं. रेट बघून बंद केलं. आणि तिथून मंत्रालय किती लांब, कोणती लोकल, काय कळंना गेलं. तुझ्या ओळखीचं कोणी नाही का?"

नव्हतं. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हाच प्रश्न त्यानं हैदराबादबद्दल विचारला असता तर मी झोपेत उत्तर दिलं असतं. मीच काय, आमच्या आजोबांनीही दिलं असतं. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला परराज्याची राजधानी पाठ आणि स्वतःची राजधानी परकी, हे काय गौडबंगाल आहे? त्याच्यामागं लागून अख्खा वीकेंड गेला.

इंग्रजीत एखादा कुठं 'राहतो', आपल्याकडं पाहुणा 'उतरतो'. "कुठं उतरलात?" हा प्रश्न आता फक्त म्हातारी माणसं विचारतात. त्यात गाडीतून उतरणंही आहे आणि मुक्कामही. पूर्वी या दोन्ही गोष्टींचा फार जवळचा संबंध होता, म्हणून आधी रेल्वेचं बघू.

आमच्या गावावरून जाणारी लाईन निजामाच्या रेल्वेची. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मनमाड ते सिकंदराबाद, 1900 च्या सुमारास सुरू झालेली. मीटरगेज. म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर अंतर. मनमाडवरून मुंबईला जाणारी लाईन ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर. हा 676 मिलिमीटरचा फरक आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात कुठल्याही राजापेक्षा कमी महत्त्वाचा नाही असं माझं मत आहे. पेडगावला गाडीत बसलेला माणूस हैदराबादकडं तोंड करून बसला तर थेट काचीगुड्याला उतरायचा. मुंबईकडं तोंड करून बसला तर मनमाडला सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गाडी बदलायची. बरं, नुसती गाडी नाही. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार रुपया. शंभर कलदारला सुमारे 116-117 हाली. वर करोडगिरीचा नाका, म्हणजे आजच्या भाषेत कस्टम्स. अंतर बघितलं तर पेडगावहून हैदराबाद साधारण साडेतीनशे किलोमीटर आणि मुंबई साडेपाचशेच्या आसपास. पण मधल्या या भानगडी धरल्या तर मुंबई म्हणजे जवळपास परदेश.

आमच्या पणजोबांची जमिनीच्या वादात हैदराबादच्या हायकोर्टात अपील होती. पोलिस ॲक्शननंतरची, 1950 च्या आसपासची गोष्ट. एका पेशीला ते आजोबांना सोबत घेऊन गेले. आजोबा तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. ही गोष्ट आजोबांनी मला इतक्यांदा सांगितलीय की रस्ता मलाही पाठ झालाय. काचीगुड्याला उतरायचं. टांग्याला पैसे घालायचे नाहीत. वळकटी खांद्यावर घेऊन सुलतान बाजारापर्यंत चालायचं, वीस-पंचवीस मिनिटं. बडी चावडीच्या बाजूला एका मराठी माणसाच्या वाड्यात खोली, शेजारी खानावळ. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून अफजलगंजाकडं उतरायचं, नया पूल ओलांडायचा, की मुसी नदीच्या काठावर लाल-गुलाबी दगडाचं हायकोर्ट. 1920 साली उद्घाटन झालेलं. अलीकडच्या काठाला उस्मानिया दवाखाना. म्हणजे कोर्ट, दवाखाना, मराठी जेवण आणि परतीची गाडी, सगळं पायी जायच्या टप्प्यात. आज आम्ही कंपनीजवळ पीजी शोधतो ते याच हिशोबानं, फक्त आम्हाला वाटतं ही आयडिया आमची.

हे पडताळून बघायला मी परवा रविवारी हायटेक सिटीवरून मेट्रो धरली. अमीरपेटला बदलली, उस्मानिया मेडिकल कॉलेज स्टेशनला उतरलो. बाहेर आलं की कोठी आणि सुलतान बाजार. माझी एक थिअरी होती. मीटरगेजची गाडी काचीगुड्याला यायची, ते स्टेशन 1916 चं. ब्रॉडगेजवाले, म्हणजे वाडीकडून येणारे, नामपल्लीला उतरायचे, आणि त्यांच्यासाठी स्टेशनसमोर 1919 साली बांधलेली नामपल्लीची सराय होती. म्हणून मराठवाड्यातले लोक काचीगुडा-सुलतान बाजार पट्ट्यात साठले. गेजनं मोहल्ला ठरवला! फार खूश होतो मी या थिअरीवर.

थिअरी अर्धीच टिकली. कारण त्या भागातली विवेकवर्धिनी ही मराठी शाळा 1907 ची. काचीगुडा स्टेशनच्या नऊ वर्षं आधीची. म्हणजे माणसं आधीच तिथं होती, स्टेशन नंतर आलं.

मग तिथंच का? तर याचं उत्तर रुळात नाही, कायद्यात आहे. सुलतान बाजार हा रेसिडेन्सीचा भाग. इंग्रज रेसिडेंटची ती पांढऱ्या खांबांची कोठी (एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, आता तिथं महिला विद्यापीठ आहे) आणि तिच्या भोवतीचे बाजार इंग्रजांच्या अंमलाखाली होते. निजामाच्या राजधानीच्या मधोमध, पण निजामाच्या पोलिसांचा हात पोचणार नाही असा तुकडा. हे बाजार निजामाला परत मिळाले ते 1933 साली. बाहेर निजामाच्या हद्दीत जाहीर सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असा खाक्या. त्या 'गश्ती निशाण 53' चं नाव जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत शिवीसारखं येतं. त्यामुळं आर्य समाज, शाळा, वाचनालयं, वकिलांच्या बैठका असलं सगळं या पट्ट्याच्या आश्रयानं वाढलं. विवेकवर्धिनी उभी करणाऱ्यांत केशवराव कोरटकर होते, तेही मूळचे आमच्याच जुन्या परभणी जिल्ह्यातले, वसमतकडचे. म्हणजे आमच्या पणजोबांनी फुकट चालत जाऊन गाठलेली ती खानावळ नुसती स्वस्त म्हणून तिथं नव्हती. तिच्यामागं आधीच्या दोन पिढ्यांचा 'कुठल्या गल्लीत आपल्याला कोण हात लावू शकतं' हा हिशोब होता. पणजोबांना तो माहीत असण्याची गरज नव्हती. त्यांना फक्त पत्ता माहीत होता.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मराठी माणूस हैदराबादच्या आठवणी काढताना ती सोयीस्कर विसरतो. 1921 च्या नोव्हेंबरात याच विवेकवर्धिनीच्या थिएटरात समाजसुधारणेची परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणं नीट झाली. आलमपल्ली वेंकट रामाराव तेलुगूत बोलायला उभे राहिले, तर सभेतल्या मराठी लोकांनी हुर्यो केली, टाळ्या पिटल्या. ते ऐकून बाहेर पडलेल्या तेलुगू लोकांनी आंध्र जनसंघ काढला आणि तिथून तेलंगणातल्या चळवळीची एक मोठी वाट सुरू झाली. राज्यात सगळ्यात जास्त तेलुगू बोलणारे, राजभाषा उर्दू, आणि तरी सभागृहात ऐट आमची! राजधानीत आपल्याला घरच्यासारखं वाटतं तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी परकं वाटत असतं. माझ्या टीममध्ये आठातले पाच तेलुगू आहेत. ही गोष्ट मी त्यांना लंचला सांगितली. एक जण म्हणाला, "आणि आता तू आमच्याकडं घरभाडं भरतोस." हिशोब चुकता :)

फिरायची सोय नंतर वाढली. 1932 च्या जूनमध्ये निजामाच्या रेल्वेनंच 27 बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. पुढं आंध्र प्रदेशच्या एसटीच्या बसनंबरात वर्षानुवर्षं 'झेड' असायचा, तो निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावावरून, अशी गोष्ट इथं प्रत्येक कंडक्टर सांगतो. गौळीगुड्याचा बसस्टँड म्हणजे एक अर्धगोल लोखंडी हँगर होता. तो 2018 च्या जुलैत कोसळला. आजोबा त्याला 'विमानाचा गोठा' म्हणायचे. मला बघायचा होता, राहून गेला.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. हैदराबाद राज्य मोडलं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. भाषेच्या दृष्टीनं योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आजोबा त्या वर्षी अठराचे होते, पेढे वाटल्याचं सांगायचे. पण एका रात्रीत पेडगावची राजधानी मुंबई झाली आणि रूळ मात्र होते तिथंच राहिले. गाडी अजूनही काचीगुड्यालाच थेट जात होती. मनमाडला बदलायची कटकट गेली ती 1990 च्या दशकात, ब्रॉडगेज झाल्यावर. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं आमचा नकाशा एकीकडं आणि रूळ दुसरीकडं.

माणसांचंही तसंच. नरहर कुरुंदकर घ्या. जन्म 1932, नांदापूर, तेव्हाचा परभणी जिल्हा. शिकायला हैदराबादला मामांकडं, डॉ. नांदापूरकरांकडं. मामा उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. राजधानीत उतरायला मामाचं घर असणं म्हणजे काय, हे त्यांच्या वाचनाकडं बघून कळतं. शंकरराव चव्हाण वकिली शिकले ते उस्मानियात. तेच 1975 साली मुख्यमंत्री झाले, मराठवाड्याचे पहिले, आणि मुंबईतल्या सचिवालयाचं नाव त्यांनी मंत्रालय केलं. नाव तर आमच्या माणसानं दिलं, पण त्या इमारतीच्या आसपास आमचा एकही मामा नव्हता.

आजोबा मुंबईला पहिल्यांदा गेले ते 1977-78 ला, जमिनीच्या मोबदल्याच्या कागदासाठी. परभणी, मनमाड, गाडी बदल, सकाळी व्हीटी. अंघोळ स्टेशनात. मंत्रालयात साध्या माणसाला दुपारनंतर प्रवेश, ही पद्धत अनेक वर्षं होती. तोवर समुद्र बघायचा. काम त्या दिवशी झालं नाही. रात्री कुणीतरी सांगितलं म्हणून आमदार निवासात गेले. एका खोलीत, ते म्हणायचे, पंधरा जण खाली सतरंजीवर. सगळे आपल्याच भागातले. कोणाची बदली, कोणाची विहीर, कोणाचं ऑपरेशन. चार रात्री काढल्या. "वाईट नव्हतं," म्हणायचे, "पण हैदराबादला आपण पैसे देऊन उतरायचो. इथं उपकारावर."

हे वाक्य मी लहानपणी नुसतं ऐकलं होतं. परवा भावाच्या फोननंतर त्यातला फरक लक्षात आला. खानावळीचं बिल दिलं की माणूस मोकळा होतो. सतरंजीचं बिल पुढच्या इलेक्शनला द्यावं लागतं. त्या खोल्यांनी किती गरिबांची सोय केली हे मला मान्य आहे, पण कोट्यवधी लोकांच्या राजधानीत कामाला येणाऱ्या माणसाची मुक्कामाची व्यवस्था ओळखीवर चालावी हे मला इंजिनिअर म्हणून पटत नाही. सरायला ओळख लागत नसे. आता तर मनोरा आमदार निवास पाडून झालं, जुन्या मॅजेस्टिकमधला मुक्कामही संपला, त्यामुळं सतरंज्याही कमी झाल्या.

गाड्यांचं मात्र बरं चाललंय. देवगिरी आहे, नंदीग्राम आहे, तपोवन आहे. जालन्याची वंदे भारत 2025 मध्ये नांदेडपर्यंत आली, तीही परभणीवरून जाते. पेडगावातून आम्ही तिला फक्त बघतो. आणि गंमत बघा, 2023 साली महाराष्ट्र सरकारनं कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकाळातले कागद बघायला समितीला यावं लागलं हैदराबादलाच. 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द गावागावात पोचला. आमच्या गावातून त्या दिवसांत मला तीन फोन आले. "हैदराबादला यायलोय, उतरायचं कुठं?" तिघांनाही मी काचीगुडाच सांगितलं.

भावाचं काय झालं, तर तो देवगिरीनं गेला. कल्याणला आमच्या मावशीच्या जावेचा मुलगा कंपनीत आहे, त्याच्या खोलीवर उतरला. पाच जणांच्या खोलीत सहावा. सकाळी लोकलला लटकून सीएसएमटी, तिथून चालत मंत्रालय. फाईल दुसऱ्या विभागाला गेल्याचं कळलं. पुढच्या महिन्यात परत जायचंय. मी त्याला म्हटलं, यावेळी हॉटेलचे पैसे मी देतो. तर म्हणाला, "नको दादा. त्या पोराच्या खोलीचं भाडं द्यायला मदत करू, म्हंजे दर वेळी हक्कानं उतरता येईल."