कोळसा, जीवाणू आणि ‘निष्कासन’ : एका संज्ञेची चिकित्सा

लाकूड किंवा पिकांचा काडीकचरा अपुऱ्या हवेत तापवून केलेल्या कोळशास ‘जैवकोळसा’ म्हणतात. सांडपाण्यातील नत्राचे जीवाणूंकरवी होणारे निष्कासन त्याच्या योगाने सुधारते, असे अलीकडील संशोधनात वारंवार प्रतिपादिले जाते. विषय रसायनाचा खरा. परंतु ‘निष्कासन’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. त्याचे उत्तर इतिहासात सापडते.

नत्राला १७८७ साली फ्रेंच परिभाषाकारांनी ‘आझोत’, म्हणजे ‘निर्जीव’, असे नाव दिले. या वायूत प्राणी जगत नाही, एवढाच त्याचा आधार होता. पुढे याच द्रव्याचे स्थित्यंतर सजीवांच्या हातून होते असे ठरावे, हा इतिहासातील विरोधाभासच होय.

प्रारंभी श्रेय द्रव्याकडे गेले. दुर्गंधीनाशाबद्दल प्रसिद्ध असलेला कोळसा वायू केवळ शोषून घेत नाही, तर आपल्या छिद्रांत त्यांचे ऑक्सिडीकरण घडवितो, असे स्कॉटिश रसायनज्ञ जॉन स्टेनहाउस यांचे मत होते. १८५४ साली त्यांनी कोळशाचा श्वसन-मुखवटाही तयार केला.

१८७७ मध्ये श्लेझिंग व म्युंत्स यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी संथपणे झिरपविले. पहिले वीस दिवस अमोनियात काहीच फरक पडला नाही. त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ती क्रिया थांबली. वाळू तीच, चुनखडी तीच. थांबले ते केवळ जीवन. कार्य द्रव्याचे नसून त्यावर वसलेल्या जीवाणूंचे आहे, हे यावरून सिद्ध झाले. १८९० मध्ये विनोग्राड्स्की यांनी असे जीवाणू वेगळे काढून दाखविले. नायट्रेटपासून नत्रवायू मोकळा करणाऱ्या जीवाणूंचे कार्य त्यापूर्वीच, १८८० च्या दशकात, गेयाँ व द्युपती यांनी अभ्यासिले होते.

आज कोळसा पुनश्च रंगभूमीवर आला आहे. त्याच्या छिद्रांत जीवाणूंना आसरा मिळतो, पृष्ठभागावर अमोनियम धरून ठेवले जाते, आणि काही प्रकारचे कोळसे इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीसही साहाय्य करतात. परंतु धरून ठेवणे म्हणजे घालविणे नव्हे. कोळशावर अडकलेले अमोनियम पाण्यातून नाहीसे झाले, तरी ते टाकीतच असते. कोळसा तृप्त झाला की तो अधिक अमोनियम घेत नाही, आणि परिस्थिती पालटल्यास धरलेलेही सुटू शकते. नत्रवायू होऊन जे हवेत गेले, तेच खरोखर गेले. तेथेही नायट्रस ऑक्साइड किती निघाला, हे पाहावे लागते; कारण तो तीव्र हरितगृहवायू आहे.

म्हणून पाण्यातील घट पाहून ‘निष्कासन’ हा शब्द वापरण्यापूर्वी नत्राचा सर्व जमाखर्च मांडला पाहिजे, आणि जीवाणू निष्क्रिय केलेल्या कोळशाशी तुलना केली पाहिजे. श्लेझिंग व म्युंत्स यांच्या क्लोरोफॉर्मने दिलेला धडा हाच आहे. शोषण व निष्कासन या दोन संज्ञा आपण वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर कोळशाला पुन्हा एकदा न मिळविलेले श्रेय दिले जाईल.