जिव्हाहीनांची कुळकथा

शहापूर-मुरबाडच्या मुलखात राबातील रोपे उपटून आवणी सुरू झाली, म्हणजे खाचराच्या बांधावर टेकलेल्या बेडकाकडे घटकाभर निरखून पाहावे. समोरून किडा गेला, की जबड्याच्या पुढच्या कडेशी जडलेली त्याची जीभ उलटी होऊन सावजावर आदळते आणि त्याला चिकटवूनच तोंडात परतते.

असे असूनही आपल्या परंपरेत बेडूक जिव्हाहीन ठरला, त्याचा दाखला महाभारताच्या अनुशासनपर्वात सापडतो. देवांना चुकवून पाण्यात दडलेल्या अग्नीच्या तापाने पोळलेल्या बेडकाने रसातळातून वर येऊन त्याचा ठावठिकाणा सांगितला, तेव्हा रुष्ट अग्नीने त्याच्या जातीला रसज्ञानास मुकण्याचा शाप दिला. परंतु जिव्हेवाचूनही तुम्ही नानाविध वाणी बोलाल, बिळात शुष्क व निश्चेष्ट पडलात तरी पृथ्वी तुम्हांस धारण करील आणि गाढ अंधारातही तुम्ही संचार कराल, असा वर देवांनी दिला.

हा शाप खऱ्या अर्थाने भोगणारे, म्हणजे जीभच नसलेले, बेडकांचे कुळ आपल्या हद्दीत नाही. ते आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यात नांदते. हे दोन खंड एके काळी जोडलेले होते, म्हणूनच आज मध्ये महासागर पसरला असूनही हे भाऊबंद दोन्ही तीरांवर आहेत. 1705 साली मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनामच्या कीटकांवरील आपल्या ग्रंथात त्यांतील एक मादी रेखाटली, जिच्या पाठीच्या त्वचेत रुतलेल्या अंड्यांतून पिले बाहेर पडतात. 1768 मध्ये लॉरेंटीने तिच्या प्रजातीस 'पिपा' हे नाव दिले, आणि त्यावरून अवघे कुळ 'पिपिडी' झाले. मागील पायाच्या तीन बोटांना काळी नखे असलेल्या आफ्रिकेतील प्रजातीला वाग्लरने 1827 मध्ये 'झेनोपस', म्हणजे विचित्र पायांचा, असे नाव दिले. गर्भवतीच्या मूत्राची सुई टोचली असता हिची मादी अंडी घालते, या गुणामुळे 1930 च्या दशकापासून कित्येक वर्षे गर्भपरीक्षेसाठी तिचा वापर होत असे.

हा जीव एकदम तोंड उघडून पाण्याच्या ओढीसरशी भक्ष्य आत घेतो. स्वरतंतू नसताना पाण्याखाली टिकटिक करून जोडीदारास साद घालतो. डबके आटले, की चिखलात पुरून घेतो, आणि पावसाळी रात्री जमिनीवरून दुसरे पाणी गाठतो. देवांच्या वराचे एकही कलम येथे वाया गेलेले नाही.

परंतु उन्हाळाभर जमिनीच्या पोटात पडून राहून पहिल्या पावसाच्या रात्री खाचरे दणाणून सोडणारा आपला बेडूकही तोच वर भोगतो. म्हणून मला वाटते, की त्या कथाकाराने बेडकाचे तोंड उघडून पाहिले नसले, तरी त्याचे वर्ष नीट पाहिले होते. त्याचा शाप ऐकीव असेल, वर मात्र शेताच्या बांधावर उभे राहून लिहिलेला आहे.