लिलाव, प्रो कबड्डीतील : रायगडचे परीक्षण

प्रो कबड्डी लीगमध्ये (आरंभ २०१४) संघबांधणी लिलावातून होते. आधी काही खेळाडू राखून ठेवले जातात. सोडलेल्या काही खेळाडूंना अंतिम बोलीइतकी रक्कम मोजून परत घेता येते. २०१४ मध्ये सर्वोच्च बोली राकेश कुमारवर लागली, १२.८० लाख रुपयांची. २०२३ मध्ये पवन सेहरावत २.६०५ कोटींना गेला. चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने यू मुंबाकडून एक हंगाम गाजवला आणि २०१९ मध्ये १.४५ कोटींना तो तेलुगू टायटन्सने नेला.

रायगडच्या पेण-रोहा पट्ट्यात लिलावातल्या निवडीची चिरफाड जाणकारीने होते, कारण इथला प्रेक्षक गावच्या मातीच्या मैदानावर कबड्डी पाहतच मोठा झालेला. त्याचा पहिला प्रश्न चढाईपटूचा नसतो. उजवा-डावा कोपरा कोण सांभाळणार, हा असतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले की पकडीला दोन गुण मिळतात, तेव्हा स्वस्तातला कोपरारक्षकही किंमत वसूल करतो. कोट्यवधींचा चढाईपटू गुडघा दुखावून बाकावर बसला की सगळा हिशेब कोलमडतो. आपल्या जिल्ह्यातल्या पोराला मूळ किमतीत घेतले, तर मात्र ही चिकित्सा बाजूला पडते. तो सौदा उत्तमच ठरतो.