पिल्लाचा सकस आहार : दूध-पोळीच्या पलीकडे

मराठवाड्यात कुत्रा हा पूर्वापार शेताचा आणि वाड्याचा राखणदार. घरात उरलेली भाकरी, ताक, सणावाराला मिळालेला एखादा चांगला तुकडा आणि रानात स्वतः मिळवलेली शिकार यांवर तो वाढत असे. आता परिस्थिती बदलली आहे. जालना शहरातील वसाहतींपासून अंबड, परतूर, भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांसारख्या जातींची पिल्ले हौसेने पाळली जातात. गॅलरीत किंवा अंगणात बांधलेले हे पिल्लू स्वतःसाठी काहीही शोधू शकत नाही. वाडग्यात जे पडेल, तेवढ्यावरच त्याची हाडे, स्नायू आणि रोगप्रतिकारशक्ती घडते. त्यामुळे पहिल्या वर्षातील आहाराची निवड हा त्याच्या पुढील आयुष्याचा प्रश्न ठरतो.

आईचे दूध आणि गाईचे दूध

पिल्लाचे डोळे साधारणपणे दहाव्या ते चौदाव्या दिवशी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ, पातळ अन्नाची ओळख करून देता येते. आईचे दूध पूर्णपणे तुटण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. या नियमामागे आहाराचेही कारण आहे. चार-पाच आठवड्यांचे गोजिरवाणे पिल्लू घरी आणणे म्हणजे आईच्या दुधाची गरज असतानाच त्याला ते नाकारणे होय.

अशा पिल्लासमोर गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाची वाटी ठेवली जाते. कुत्रीच्या दुधात प्रथिने सुमारे साडेसात ते आठ टक्के आणि स्निग्धांश सुमारे नऊ टक्के असतो. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन, तर स्निग्धांश चार टक्क्यांच्या आसपास असतो. म्हशीचे दूध अधिक दाट असले, तरी त्यातील प्रथिने कुत्रीच्या दुधाच्या जवळपास निम्मीच भरतात. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, मात्र या दोन्ही दुधांत कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते. ती न पचल्याने अनेक पिल्लांना जुलाब होतात. अनाथ पिल्लासाठी पशुवैद्यकांकडे किंवा औषधांच्या दुकानात मिळणारी, कुत्रीच्या दुधाशी मिळतीजुळती दूधभुकटी वापरावी. दूध पाजताना पिल्लाला पोटावर ठेवावे. उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

दूध-पोळीचा हिशेब

'आम्ही त्याला रोज दूध-पोळी देतो' हे वाक्य पशुवैद्यकांना नेहमी ऐकावे लागते. या आहारात कमी काय पडते, ते आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरेल. चार किलो वजनाच्या, दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला अंदाजे ६०० कॅलरी लागतात. अर्धा लिटर गाईचे दूध आणि प्रत्येकी ४० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या यांतून तेवढ्या कॅलरी मिळतात. पोट भरते आणि वजनही वाढते. मात्र वाढीच्या वयासाठी मान्य झालेल्या आहारमानकांनुसार एवढ्या कॅलरींबरोबर सुमारे ३४ ग्रॅम प्रथिने हवीत. दूध-पोळीतून ती जेमतेम २५ ग्रॅम मिळतात. कॅल्शियम अंदाजे १.८ ग्रॅम हवे, प्रत्यक्षात मिळते सुमारे ०.६ ग्रॅम. दूध म्हणजे भरपूर कॅल्शियम हा समज माणसाच्या बाबतीत योग्य असला, तरी झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला दूध अपुरे पडते. लोह तर दुधात नसल्यातच जमा.

याचा अर्थ भाकरी वा पोळी निषिद्ध आहे, असा नाही. २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, माणसाच्या सहवासात आल्यानंतर कुत्र्यामध्ये पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याच्या तुलनेत कितीतरी वाढल्या. नीट शिजलेली ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ कुत्रा पचवू शकतो. परंतु धान्य हा ताटाचा एक भाग आहे, संपूर्ण ताट नव्हे.

नुसत्या मांसाचा धोका

काही घरांत दुसरे टोक गाठले जाते. पिल्लू मांसाहारी प्राणी आहे, या समजुतीने त्याला रोज बिनहाडाचे मटण किंवा कोंबडीचे मांस आणि भात दिला जातो. यातून प्रथिने भरपूर मिळतात, परंतु १०० ग्रॅम मांसात कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस त्याच्या दहा-पंधरा पट असतो. पिल्लाच्या आहारात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसइतके किंवा त्याच्या दुपटीपर्यंत असावे लागते. हा तोल बिघडला, की रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेऊ लागते. हाडे पातळ आणि मऊ होतात, पाय वाकतात, पिल्लू लंगडू लागते आणि खाटेवरून उडी मारल्याच्या निमित्तानेही हाड मोडते.

अशा पिल्लाला केवळ कोवळ्या उन्हात बसवून भागत नाही. माणसाप्रमाणे त्वचेत पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता कुत्र्यात नसते. ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते. याउलट 'क' जीवनसत्त्व कुत्र्याचे यकृत स्वतः तयार करते. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध असली, तरी शक्तीसाठी म्हणून पिल्लाला मोसंबीचा रस पाजण्याचे कारण नाही.

तयार खाद्य निवडताना

ज्यांना रोज मोजूनमापून स्वयंपाक करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी चांगल्या प्रतीचे तयार खाद्य हा सर्वांत सुरक्षित पर्याय होय. पाकिटावरील चित्रापेक्षा मजकूर वाचावा. खाद्य 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे परिपूर्ण व संतुलित, आहे का आणि ते 'ग्रोथ' किंवा 'पपी' म्हणजे वाढीच्या वयासाठी आहे का, हे पाहावे. कोरड्या घटकांच्या प्रमाणात वाढीच्या आहारात किमान साडेबावीस टक्के प्रथिने आणि साडेआठ टक्के स्निग्धांश असावा, असे प्रचलित मानक आहे. प्रौढ कुत्र्यासाठी हेच आकडे अनुक्रमे १८ आणि साडेपाच टक्के आहेत. म्हणून घरातील मोठ्या कुत्र्याचे खाद्य पिल्लाला देऊ नये.

डबाबंद ओल्या खाद्यावर प्रथिने आठ टक्के लिहिलेली पाहून ते निकृष्ट समजू नये. त्यात ८० टक्के पाणी असेल, तर कोरड्या भागात प्रथिनांचे प्रमाण ४० टक्के भरते. उघड्या पोत्यातून सुटे मिळणारे खाद्य स्वस्त वाटले, तरी त्याची मुदत कळत नाही आणि त्याला दमट हवा लागलेली असते. ते टाळणे इष्ट.

घरचे जेवण द्यायचे असल्यास

घरचे ताजे अन्न देण्यात गैर काही नाही, पण त्यात प्रमाण हवे. शिजवलेले मांस किंवा अंडी, शिजवलेले धान्य, थोडे तेल, भोपळा किंवा गाजरासारखी भाजी आणि कॅल्शियमचा निश्चित स्रोत हे त्याचे पाच भाग. स्वच्छ धुऊन, भाजून बारीक दळलेल्या अंड्याच्या कवचाची सपाट चमचाभर पूड म्हणजे जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम. ती किती घालायची, हे पिल्लाच्या वजनावर आणि उरलेल्या आहारावर अवलंबून असल्याने पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे. जस्त, तांबे, आयोडीन आणि 'ड' जीवनसत्त्व यांची उणीव एवढे करूनही राहू शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी पुस्तके व संकेतस्थळांवरील घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी आढळला. या पाककृती कुत्र्यांसाठीच लिहिलेल्या होत्या. अंदाजाने वाढलेल्या ताटाची स्थिती याहून चांगली असण्याचा संभव कमीच.

जालन्यात व्यापारी व जैन समाजाची अनेक घरे कटाक्षाने शाकाहारी आहेत. मांजराप्रमाणे कुत्रा केवळ मांसावर अवलंबून नसल्याने त्याला शाकाहारावर वाढविणे अशक्य नाही. परंतु वाढीच्या वयात ते सर्वांत अवघड असते. अशा घरांनी पनीर, दही, शिजवलेले सोयाबीन यांवर केवळ अंदाजाने विसंबू नये. पिल्लांसाठी तयार केलेले परिपूर्ण शाकाहारी खाद्य निवडावे आणि दर महिन्याला वजन व हाडांची तपासणी करून घ्यावी.

जादा कॅल्शियम हेही विषच

कमतरतेइतकाच अतिरेकही घातक आहे. संतुलित खाद्य सुरू असताना वरून कॅल्शियमचे सिरप देण्याची पद्धत सर्रास आढळते. सहा महिन्यांपर्यंतचे पिल्लू जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखू शकत नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासांतून, जादा कॅल्शियममुळे हाडांची वाढ बिघडते, हे स्पष्ट झाले. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींसाठी 'लार्ज ब्रीड पपी' असे लिहिलेले खाद्य घ्यावे आणि त्यावर कॅल्शियम देऊ नये.

गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू हाही एक गैरसमज. लॅब्रॅडॉरच्या २४ जोड्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात, जोडीतील एकाला लहानपणापासून २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. ही सडपातळ कुत्री सरासरी जवळपास दोन वर्षे अधिक जगली आणि त्यांच्यात सांध्यांचे विकार उशिरा दिसू लागले. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण दुरून उठून दिसू नयेत, ही सर्वसाधारण कसोटी. मराठवाड्यात परिचित असलेल्या कारवान व पश्मी या शिकारी जातींची ठेवणच शिडशिडीत असते. त्यांना लॅब्रॅडॉरसारखे भरदार करण्याचा प्रयत्न करू नये.

किती वेळा, किती काळ

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा खाऊ घालावे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींच्या पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवल्यास रक्तातील साखर घसरून झटके येऊ शकतात. पिल्लू नव्याने घरी आणल्यावर पहिले काही दिवस पूर्वीचेच अन्न चालू ठेवावे. नंतर सात ते दहा दिवसांत जुन्यातील एकेक हिस्सा कमी करून नवे वाढवावे. लहान जातींना दहा-बारा महिने, मोठ्या जातींना १२ ते १८ महिने वाढीचे खाद्य द्यावे.

जालन्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत भिजवलेले खाद्य अर्ध्या तासात उचलावे आणि मुख्य जेवण पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावे. नळाचे पाणी साठवून वापरणाऱ्या घरांनी पिल्लाचे भांडे रोज घासून त्यात ताजे पाणी भरावे.

हे पदार्थ टाळा

चॉकलेट, कांदा, लसूण आणि झायलिटॉल घातलेले साखरविरहित पदार्थ पिल्लाला विषारी ठरतात. जालना तालुक्यातील कडवंचीसारखी गावे द्राक्षबागांसाठी ओळखली जातात. मात्र द्राक्षे आणि मनुका यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये सुचविले. हेच आम्ल चिंचेतही असते. त्यामुळे चिंच आणि लसणाची फोडणी घातलेली आमटी पिल्लाच्या भातावर ओतू नये. शिजवलेली हाडे टोकदार तुकड्यांत फुटतात आणि आतडे फाडू शकतात, म्हणून तीही वर्ज्य.

अन्न अंगी लागत नसेल तर

उत्तम आहार देऊनही पोट नगाऱ्यासारखे फुगलेले आणि बरगड्या दिसत असतील, तर जंतांची शंका घ्यावी. हे जंत आईच्या गर्भातून आणि दुधातूनही येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आणि तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा जंतनाशक देण्याची पद्धत आहे. लसीकरण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात दिली जाते.

अन्न बदलल्याने होणारे साधे जुलाब एक-दोन दिवसांत थांबतात. मात्र रक्तमिश्रित, दुर्गंधीयुक्त जुलाब, उलट्या आणि मरगळ एकत्र दिसल्यास 'दूध बाधले असेल' म्हणून थांबू नये. ती पार्व्होची लक्षणे असू शकतात आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो. जवळच्या पशुवैद्यकांकडे तत्काळ जावे. अधिक तपासण्यांची गरज भासल्यास जालनेकरांना परभणीचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय फार दूर नाही.

पिल्लू घरी आणण्याआधी गळ्यातला पट्टा आणि खेळणी घेतली जातात. त्याआधी एकदा पशुवैद्यकांची भेट घेऊन वय, जात आणि वजनानुसार आहाराचे टिपण करून घ्यावे, वजनकाटा वापरावा आणि दर पंधरवड्याला वजनाची नोंद ठेवावी. वाढीच्या वयात वाकलेले हाड पुढे कितीही चांगले अन्न दिले, तरी पूर्णपणे सरळ होईलच, याची शाश्वती नसते.