पाप, कृपा आणि नीतिमत्त्व : एका वाचनाची हकिकत

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघा मित्रांनी पौलाचे रोमकरांस पत्र मराठीत वाचायला घेतले. निमित्त एका विद्यार्थ्याचे. १९३५ च्या येवल्याच्या घोषणेवर मी वर्गात बोलत होतो. त्याने उठून विचारले, "सर, मग बाबासाहेब ख्रिस्ती का झाले नाहीत?" पुस्तकी उत्तर देऊन मी मोकळा झालो. घरी येताना मात्र लाज वाटली. बाबासाहेबांनी जो धर्म बाजूला ठेवला तो मुळात काय सांगतो, हे मलाच ठाऊक नव्हते. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला माणूस. ऐकीव गोष्टींनी आमच्या पिढ्यांचे काय केले हे जाणणाऱ्याने ऐकीव माहितीवर शिकवू नये.

मी राजारामपुरीत भाड्याने राहतो. येथल्या गल्ल्यांना आकडे आहेत. गावाकडे माझा पत्ता जातीच्या नावानेच सांगावा लागे. (जागा देण्याआधी घरमालकाने आडनावाची चौकशी केलीच, तो भाग वेगळा.) दर रविवारी संध्याकाळी आम्ही माझ्या खोलीवर जमत असू. एक मित्र ख्रिस्ती, मिरजेकडचा शाळामास्तर. त्याचा पणजा महार होता. दुसरा मातंग, उद्यमनगरात फौंड्रीत कामाला. तिसरा वकील, माझ्यासारखाच बौद्ध.

पहिल्याच बैठकीत 'पाप' या शब्दाशी अडलो. हा शब्द आमच्या कानांना नवा नाही. माझी आजी प्रत्येक अपमानाचा हिशेब मागल्या जन्मीच्या पापात मांडायची. खुद्द चोखोबांनीही आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधले. बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले आहे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवरचे त्यांचे लेखन १९८९ साली शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आले. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा : अस्पृश्य हिंदू होता तेव्हा त्याला सांगितले गेले की तुझी अधोगती तुझ्या कर्माने झाली, ख्रिस्ती झाल्यावर तो शिकला की ती आदिपुरुषाच्या पापाने झाली. दोन्हीकडे दोष त्याच्याच माथी, समाजव्यवस्था मोकळी.

ख्रिस्ती मित्राला हे लागले. तो म्हणाला, पौल सर्वांना पापी म्हणतो. त्यात ब्राह्मण सुटत नाही, राजा सुटत नाही. कर्माच्या हिशेबात मात्र काहीजण जन्मतःच स्वच्छ निघतात. हे मला मान्य करावे लागले. मनुस्मृतीत पापालाही पायऱ्या आहेत. पौलाच्या पापाला नाहीत. परंतु फौंड्रीतला मित्र म्हणाला, "मास्तर, हीर बाटली म्हणून ज्यानं मारलं त्यो बी पापी, आणि मार खाल्लेला आमचा बा बी पापी. मग केस कुणावर घालायची?" त्या दिवशी वाचन पुढे सरकले नाही.

'कृपा' हा शब्द त्याहून अवघड. कृपा म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे वरून ओतलेले पाणी येते. देणारा उंच, घेणारा खाली. बाबासाहेबांनी बुद्धाला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता नव्हे, यामागचा स्वाभिमान येथे ध्यानात येतो. तथापि युरोपच्या इतिहासात याच शब्दाने सिंहासने हलवली. ईश्वराचे नीतिमत्त्व म्हणजे शिक्षा करणारा न्याय, या धास्तीत मार्टिन लूथर जगत होता. ते नीतिमत्त्व विश्वासाने मिळणारे दान आहे, असा अर्थ त्याला याच पत्रात सापडला. १५१७ मध्ये पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांच्या बाजाराविरुद्ध तो उभा राहिला. पण आठ वर्षांनी, मार्च १५२५ मध्ये, जर्मन शेतकऱ्यांनी मेमिंगेन येथे बारा मागण्या मांडल्या. त्यांतील तिसरी अशी की ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांनाच मुक्त केले आहे, सबब आम्ही कोणाची वेठ-गुलामी करणार नाही. तेव्हा हाच लूथर सरदारांच्या बाजूने गेला आणि शेतकऱ्यांना चिरडा म्हणाला. कृपेने आत्मा सुटतो, कूळ सुटत नाही, हा त्याचा निवाडा. आमच्याकडच्या संतांच्या समतेची हद्द वाळवंटातच संपली, तिची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले. त्यांनी शाळा काढल्या. आमच्या माणसांनी मिशनच्या प्रवचनापेक्षा पाटीपेन्सिल अधिक घट्ट धरली असावी, असे मला वाटते, आणि त्यात मला कमीपणा दिसत नाही. १८५५ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्रात छापून आला. ती देवाकडे क्षमा मागत नाही. आम्हां मांगमहारांचा धर्म कोणता ते सांग, असा जाब विचारते. पापाची कबुली ऐकण्यासाठी उघडलेल्या दारातून फिर्याद आत आली.

मराठी बायबलाने पौलाच्या ग्रीक शब्दाला 'नीतिमत्त्व' हा प्रतिशब्द दिला. मूळ शब्दात न्यायाचाही अर्थ आहे. स्पॅनिशमध्ये तर दोन्हींना एकच शब्द चालतो. मराठीत मात्र नीती एका घरी आणि न्याय दुसऱ्या घरी राहायला गेला. त्यामुळे मराठी वाचकाला नीतिमान म्हटला की दारू न पिणारा, खोटे न बोलणारा गृहस्थ दिसतो. विहीर खुली करणारा दिसत नाही. पंडिता रमाबाई आयुष्याच्या अखेरीपर्यंत, १९२२ पर्यंत, बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी झटल्या. शब्दांचे ओझे त्यांनी ओळखले होते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी ख्रिस्ताविषयी आदर व्यक्त केला. पण हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला उभा राहत नाही, हेही तोंडावर सांगितले. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगलोरला शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मांडणी केली. म्हणजे चर्चच्या आतून उत्तर यायला त्रेचाळीस वर्षे लागली.

एका रविवारी पत्र बाजूला ठेवून आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला वाचला. दिवस मावळताना कामावर घेतलेल्या मजुरांनाही मालक पुरी हजेरी देतो. ख्रिस्ती मित्राने हा दाखला उशिरा पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी आहे, असे लहानपणापासून ऐकले होते. फौंड्रीवाला म्हणाला, "नाक्यावर दिवसभर हुबारलेल्याला काम न्हाई मिळालं, म्हणून त्याची पोरं अर्धीच भुकेली असत्यात व्हय?" आम्ही गप्प झालो. वकील मात्र गप्प बसणारा नव्हता. मालक तेथे म्हणतो की माझ्या पैशाचे मी वाटेल ते करीन. मग उद्या त्याची मर्जी फिरली तर? शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या रिकाम्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. तीही राजाची मर्जीच होती, पण ती गॅझेटात छापली गेली. छापलेल्या हुकमावर बोट ठेवून मागता येते. मर्जीवर बोट ठेवता येत नाही.

यावर ख्रिस्ती मित्र हसला. छापील हुकूम त्यालाही पाठ आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्त्यांना नाही. चर्चमध्ये जाणाऱ्याला इतर मागासवर्गात टाकले, आणि त्याच्यावर जातीवरून हल्ला झाला तर अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या उपयोगी पडत नाही. त्याच्या चुलत घरातले लोक १९५६ नंतर बौद्ध झाले. वस्ती तीच, पणजा तोच, दाखला वेगळा. "कायद्याच्या दृष्टीनं माझं पाप पार धुतलं गेलंय," तो म्हणाला. "वस्तीला अजून कुणी कळवलं नाही, एवढंच."

मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म त्याने पिशवीतून काढला. जातीचा रकाना कोरा होता. वकिलाने चष्मा लावून तो हातात घेतला आणि दिव्याखाली सरकला. प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. त्याला बसायला जागा करून द्यावी लागली.